रिकाम्या खुर्चीची पाळी

भुजंगचा आवाज पेडगावात गाजलेला होता. विहिरीजवळच्या वळणावरून त्याने हाक घातली, की वस्तीतली कुत्रीसुद्धा कान टवकारत. त्याची माय दगडाबाई हिची नजर कधीच गेली होती. तिच्या लेखी लेक म्हणजे तो आवाजच. चौऱ्याहत्तर साली परभणीच्या कॉलेजात फळ्यावर वादविवाद मंडळाची सूचना लागली, तेव्हा भुजंगला वाटले, चला, आपली जागा सापडली.

मंडळाचा चिटणीस बन्सीधर मानवतचा, कायम परीटघडीत. त्याने रीत समजावली. नव्या माणसाने एकट्यानेच बोलायचे, समोरची खुर्ची रिकामी. त्याचे बोलणे झाले की तेवढाच वेळ त्या खुर्चीला द्यायचा आणि मग निकाल.

"खुर्ची काय बोलणार, कपाळ?" भुजंग हसला.

"दुसरी बाजू ऐकल्याबिगर निकाल लावायचा न्हाई. पहिल्यापासूनची रीत हाय," बन्सीधर म्हणाला. तो हसला नाही.

विषय होता, शिकलेल्या पोराने गावी परतावे की नाही. बाजू आपली आपण निवडायची. आता खरे पाहता भुजंगने घर सोडताना मायला शब्द दिला होता, शिकून परत येतो आणि वस्तीतल्या पोरांना शिकवतो. 'जयभीम' म्हणून ज्याला त्याला ती हेच सांगायची आणि त्या शब्दावर दिवस काढायची. पण टाळ्या कुठे पडतात ते बोलणाऱ्याला वासावरून कळते. त्याने 'परतू नये' ही बाजू घेतली. बोलण्यापुरतीच तर घ्यायची होती, त्यात कुणाचे काय जाते?

सभागृह जुने, दगडी. भर दुपारी आत ओल आणि पारव्यांचा वास. भुजंग जो सुटला तो सुटला. गाव म्हणजे गाळ, मागे वळला तो रुतला, वगैरे. शेवटी, निव्वळ टाळीसाठी, तो हात उंचावून गरजला, "आंधळ्या आईला लेक जवळ असला काय आणि नसला काय, सारखेच! तिला मनीऑर्डर पुरे!"

टाळ्या पडल्या. जीभ उचलून टाळ्याला लावली होती खरी, पण खाली बसताना त्याचे त्यालाच कसेसे झाले.

अध्यक्ष व्यंकटराव सरांनी घंटी वाजवली. "दुसरी बाजू."

सगळे रिकाम्या खुर्चीकडे बघू लागले. नव्या पोराची जिरवायची ही तऱ्हा भुजंगने ओळखली आणि हसू दाबत तो वाट पाहू लागला. मग सगळ्यांच्या माना एकदमच खुर्चीकडून बोलणाऱ्याच्या टेबलाकडे वळल्या, कुणी उठून चालत जावे तशा. पुढच्या बाकावरच्या मुली एकाच वेळी हसल्या. त्यांचे हसू मावळलेही एकाच वेळी. बन्सीधरने रुमाल काढला. व्यंकटराव सर चष्मा हातात घेऊन डोळे टिपत होते.

एवढ्या माणसांकडून असे नाटक बसवून कुणी घेतले असेल? भुजंगचा घसा कोरडा पडत चालला.

पुन्हा घंटी झाली. सरांनी त्याला मंडळात घेतल्याचे जाहीर केले आणि निकाल सांगितला. दुसरी बाजू विजयी. या खेपेच्या टाळ्या थांबता थांबेनात.

बाहेर चहाच्या टपरीवर भुजंगने बन्सीधरला गाठले. "मस्करी झकास जमवलीत." आवाज घोगरा निघाला.

"मस्करी?" बन्सीधर त्याच्याकडे बघतच राहिला. "लय काळजातून बोलला रे तो. आवाज तर हुबेहूब तुझाच. म्हणला, माझ्या मायला दिवसरात्र अंधारच हाय, तरी गावी असलो की दिवेलागणीला मी वळणावरून इचारतो, माय, दिवा लावलास का? मी इचारलं की मंगच लावती. माझ्यासाठी."

भुजंगने बशी खाली ठेवली. हे त्याने कॉलेजात कुणालाच सांगितले नव्हते.

"आणखी काय म्हणला?"

"शेवटी म्हणला, मी निघालोच."

भुजंग तसाच स्टँडवर गेला. पेडगावच्या गाडीत बसला, तेव्हा कंडक्टरला गावाचे नावही त्याला धड सांगता येईना. ओरडून ओरडून घसा बसला, दुसरे काय, असे तो मनाशी घोकत राहिला. मायपाशी बसायचे आणि सांगून टाकायचे, माय, ते बोलण्यापुरतं होतं गं. त्याला रडू येत होते.

वळणावर पोचला तेव्हा दिवेलागण होत होती. हाक मारायला त्याने तोंड उघडले. नुसता वारा निघाला.

घरात दिवा आधीच लागलेला होता.

दार सताड उघडे होते. माय चुलीपुढे भाकरी थापत होती आणि हसत होती. समोर ताट वाढलेले. ताटातली भाकरी मोडलेली होती, ताटावर कुणी नव्हते.

भुजंगचा पाय उंबऱ्याला लागला. मायचे हात थांबले.

"कोन हाय? बोला की."

त्याने जिवाच्या आकांताने ओठ हलवले.

माय ताटाकडे वळली. "भुजंगा, बघ बरं कोन हाय. बोलंना बी."

मान कलती करून ती ऐकत राहिली. भुजंगला काहीच ऐकू आले नाही.

"कोन न्हाई व्हय? मंग लाव बाबा दार. वारं यायलंय."

तिचे दोन्ही हात पिठात होते. ती जागची उठली नाही.

दार लागले.