मथळ्यातली उद्योगपती

वर्तमानपत्राच्या कचेरीचा जिना ती तणतणत चढत होती आणि तो आपल्याच तंद्रीत उतरत होता. धडकले की दोघं! तिच्या हातातला सकाळचा अंक खाली पडला. तो उचलून देता देता त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"तुम्ही... दप्तरांच्या कारखान्यातल्या..."

"हो, तीच! 'एकटीच्या बळावर झाली उद्योगपती' — कुठल्या शहाण्याने दिला हा मथळा?"

"मी," तो पुटपुटला. उपसंपादक होता बिचारा.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "अहो, आम्ही सातजणी आहोत! बातमीदाराला दहादा सांगितलं होतं. सकाळी आमच्यातल्या थोरल्या मावशींनी हे वाचलं आणि कारखान्याची किल्ली माझ्यापुढे ठेवली. म्हणाल्या, उद्योगपतींना आमची काय गरज? सगळ्या मशिनी बंद आहेत. मावशी गेल्या ना, तर... मला तो कारखानाच नको." मशीनवर पहिली शिवण घालायला मावशींनीच शिकवलं होतं तिला.

त्याने अंक काखोटीला मारला. मग म्हणाला, "चला. मीच सांगतो त्यांना."

कारखान्यात बायका हाताची घडी घालून बसल्या होत्या. मावशी तर पिशवी खांद्याला लावून निघालेल्याच. त्याची बोबडी वळली, पण बोलला.

"मावशी, मोठमोठ्या कारखान्यांच्या धन्याला उद्योगपती म्हणतात. चारचौघींना हाताशी धरून धंदा उभा करते ती उद्योजिका. यांनी 'आम्ही सातजणी' असंच सांगितलं होतं, ते मी कापलं. उद्या पहिल्या पानावर दुरुस्ती छापतो. मग साहेब मला घरी बसवोत, नाहीतर काहीही करोत."

मावशींनी डोळे बारीक केले. "शब्दांचा एवढा जाणकार, मग चुकलास कसा रे?"

त्याने तिच्याकडे चोरून पाहिलं.

"बातमीबरोबर यांचा फोटो होता ना..." त्याचे कान लालबुंद झाले. "तोच बघत बसलो. छपाईची वेळ झाली, मग घाईघाईत ओळी कापल्या आणि सुचला तो मथळा ठोकला."

कुणीतरी फिसकन हसलं. मावशींनी पिशवी पुन्हा खुंटीला अडकवली. "ऐकलंस ना गं पोरी? आता याला चहा देऊ, की हाकलू?"

रागवायचं होतं तिला, अगदी खरं! पण ओठ ऐकतील तर ना. एकेक मशीन घरघरायला लागली.

"दुरुस्ती छापा," ती कशीबशी म्हणाली. "सातही नावांसकट."

"छापतो. आणि फोटो... परत पाठवू?"

तिने मान खाली घातली.

"नको... असू दे तुमच्याकडेच."