नळदुरुस्तीच्या फाइलचं वजन

"माझ्या घरात चोरी झालीय," मावशी खुर्चीत बसत म्हणाल्या. "यांचं गाणं गेलं."

"हे" म्हणजे मावशींचे दिवंगत यजमान. गुप्तहेर भिंगवाले आणि त्यांचा सोबती कंपाउंडर उभेच राहिले. कचेरीत खुर्ची एकच होती.

"छान गायचे?" कंपाउंडरने विचारलं.

"भयंकर! एकदाच रेकॉर्ड केलं, खास माझ्यासाठी. आणि आज संध्याकाळी भंगारवाला कॉम्प्युटर नेणार."

मावशींच्या घरी कॉम्प्युटर विणलेल्या झग्याखाली झोपला होता. पूर्वी टीव्हीलाही असाच झगा असे. पडदा उजळला: काळी पाटी, पांढरी अक्षरं, माऊस नावालाही नाही. भिंगवाल्यांना शाळेतला बाकसोबती भेटल्यासारखं झालं.

मुलगा आधीच चिडलेला. "मी चोर नाही हं! जागा पुरत नव्हती, म्हणून नावामागे wav, mp3 अशी शेपटं असलेल्या आवाजाच्या फाइली दर रविवारी आपोआप पुसल्या जातील असं करून ठेवलं होतं. बाबा आधी भांडायचे. मग एकदम गप्प झाले."

"आणि तू?" भिंगवाल्यांनी सुनेला विचारलं.

"मी काही पुसलं नाही. नळ गळत होता, म्हणून मामंजींची naldurusti.txt उघडली, तर नुसता कचरा! मशीन टूं टूं ओरडायला लागलं. मामंजी मात्र हसत बसले."

"नळ? यांनी जन्मात पाना धरला नाही," मावशी म्हणाल्या.

"मुलानेच पुसलं," कंपाउंडरने निकाल दिला.

भिंगवाल्यांनी ls -lh टाइप करून फाइलींचं वजन मागवलं. "नळदुरुस्ती, अठ्ठावीस एमबी. इतक्या मजकुरात धरण बांधून होईल." मग त्यांनी file naldurusti.txt असं लिहिलं. उत्तर आलं: WAVE audio.

"म्हणजे?" कंपाउंडरने विचारलं.

"म्हणजे आत मजकूर नाही, आवाज आहे. ही आज्ञा नावाला भुलत नाही, आतले पहिले बाइट हुंगते. चिरंजीवांचा रविवारचा झाडू मात्र फक्त शेपूट बघायचा. वडिलांनी txt शेपूट लावलं, म्हणून भांडण संपलं. सूनबाईंनी आवाज अक्षरांत वाचायला घेतला, म्हणून कचरा दिसला. चोरी नाही, मावशी. त्यांनी लपवलं, आणि सांगायचं राहून गेलं."

मुलाने आधी रविवारचा झाडू बंद केला, मग भंगारवाल्याला फोन करून येऊ नको म्हणून सांगितलं.

गाणं सुरू झालं. सूर एका दिशेला, ताल दुसऱ्या. सून हसू दाबत होती. दुसऱ्या कडव्यात खोकला आला, गाणं थांबलं आणि रेकॉर्डिंगमधूनच, रोजच्या घरातल्या आवाजात त्यांनी विचारलं, "अगं, हे बंद कसं करायचं?"

"राहू दे चालू," मावशी म्हणाल्या.