नेट आल्यावर पाठवलं जाईल

रस्ता खोदणाऱ्यांनी केबल तोडली आणि कोल्ड स्टोरेजचं नेट गेलं. पहिल्या दिवशी कुणाला त्याचं काही वाटलं नाही. वरच्या ऑफिसातून सारखे येणारे निरोप बंद पडले, म्हणून माणसं उलट जरा खुशीतच होती. पंचाईत झाली ती एकट्या होबाईची. सगळ्यांच्या कामाच्या पाळ्या ज्या कॅलेंडर ॲपमध्ये असायच्या, ते ॲप सांभाळायचं काम तिचं होतं.

तिचं खरं नाव तिथे कुणी घेत नसे. होबाई हे नाव तिच्या सख्ख्या मामाने ठेवलेलं. जास्तीची पाळी करशील? हो. सुट्टीच्या दिवशी येशील? हो. "हिला कुणी विहिरीत उडी मार म्हणालं, तर ही विचारेल, आत्ता मारू की जेवून?" असं मामा चारचौघांत म्हणायचा आणि स्वतःच खो खो हसायचा. वडील गेल्यावर मामा-मामीनेच तिला वाढवलं होतं, आता ती वेगळी खोली घेऊन राहत होती. या नोकरीलाही तिला मामानेच चिकटवलं. तो इथला सगळ्यात जुना माणूस, थंड खोल्यांत सफरचंदांचे क्रेट रचण्यात त्याची हयात गेलेली.

ॲपची रीत साधी होती. थंड खोलीत शिरताना आपल्या फोनवर 'आत' दाबायचं, निघताना 'बाहेर'. ते लगेच होबाईच्या टेबलावरच्या टॅबवर दिसायचं. संध्याकाळी टॅबवर कुणीच 'आत' नाही असं दिसलं, की ती राखणदाराला सांगायची आणि तो खोल्यांना बाहेरून कड्या घालायचा. गोदामात मोबाइलला रेंज नसे, सगळे फोन ऑफिसच्याच नेटवर चालत. ते नेट गेल्यावर मात्र प्रत्येक फोन आपल्यापुरता झाला. दाबलेलं फोनातच पडून राही आणि खाली बारीक अक्षरांत ओळ येई, 'नेट आल्यावर पाठवलं जाईल.'

साहेबांनी तोडगा काढला. "नेट येईपर्यंत ज्याने त्याने आत जाताना हिला तोंडी सांगायचं. ही टॅबवर टाकेल. जमेल ना गं?"

"हो," होबाई म्हणाली.

ॲपमध्ये आणखी एक गोष्ट होती. आतली मूठ फिरवली की बाहेरची कडीही सुटावी, अशी ती दारं; पण तीन नंबरच्या खोलीची मूठ बर्फाने घट्ट बसत होती, दार आतून उघडता उघडत नसे. मामाने कितीदा तरी सांगितलं. शेवटी साहेब म्हणाले, कॅलेंडरमध्ये टाक. तिने टाकलं, 'दार दुरुस्ती, तीन नंबर.' मग दर आठवड्याला साहेब म्हणत, या आठवड्यात माल फार आहे, पुढे ढकल. ती ती पट्टी बोटाने उचलून पुढच्या आठवड्यात ठेवी. बोटाचं काम, त्याला कितीसा वेळ लागतो! मामा म्हणायचा, "तुझ्या कॅलेंडरात दार केव्हाच दुरुस्त झालंय. फक्त तो दिवस उजाडत नाही, एवढंच."

मग ती संध्याकाळ आली. साहेबांनी घरी निघता निघता मामाला तीन नंबरमधल्या क्रेटवर एकदा नजर टाकून यायला सांगितलं. मामा तसाच वळला आणि दाराशी फोनवर 'आत' दाबून आत गेला. होबाईला सांगायचं राहून गेलं, जुन्या सवयीची माणसं ती. राखणदाराने ऑफिसच्या दारात येऊन विचारलं, "सगळे बाहेर आहेत ना? घालू कड्या?" तिने टॅबकडे पाहिलं. टॅबवर कुणी नव्हतं.

"हो," ती म्हणाली.

रात्री मामीला वाटलं, दुसरी पाळी लागली असेल. सकाळी तीन नंबरचं दार उघडलं तेव्हा मामा दाराला टेकून बसलेला होता. मुठीवरचा बर्फ नखांनी खरवडलेला होता आणि फोन हाताच्या मुठीत गच्च धरलेला. तो फोन थंडीने बंद पडला होता. साहेबांनी तो आपल्या कपाटात ठेवून दिला.

चौथ्या दिवशी होबाई कामावर आली. साहेबांनी तिला केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"झालं ते वाईटच झालं," साहेब म्हणाले. "पण मामा तिथे कशाला गेले होते, हे आपल्यापैकी कुणालाच ठाऊक नाही."

होबाईला ठाऊक होतं. राखणदाराने साहेबांचं बोलणं आपल्या कानांनी ऐकलं होतं, मामा एव्हाना बाहेर आला असेल असं धरलं होतं, आणि पहिल्या दिवशी तिला तसं सांगितलंही होतं. आता त्याला ते आठवत नव्हतं.

"त्या दिवशी त्यांची रजा टाक टॅबवर. नेट आलं की वरच्या ऑफिसात तेच जाईल. रजेवरचा माणूस आपणहून आत गेला, तर कुणावरच येत नाही. तुझ्यावरही नाही. कड्या घालायला कुणी सांगितलं, हा प्रश्नच मग उरत नाही. टाकशील ना?"

"हो," ती म्हणाली.

आणि तिने टाकली. खाली ओळ आली, 'नेट आल्यावर पाठवलं जाईल', आणि त्या ओळीने तिला केवढा धीर आला! अजून कुठे काय गेलंय? टॅबमध्येच तर आहे. केबल जोडायची आहे, तोवर हवं तेव्हा बदलता येईल. माणसाला स्वतःची समजूत घालायला एवढीशी ओळही पुरते.

दुपारी मामी आली. ऑफिसच्या खुर्चीत ती नेमकी कडेला बसली, परक्या घरी बसावं तशी.

"पोरी, त्यांचा डबा मिळाला नाही गं. बाकी सगळं दिलं."

"बघते मी, मामी."

"त्या दिवशी ते कामावर होते ना? डबा घेऊन निघाले होते, मीच भरून दिला." मामीने आवाज खाली आणला. "गल्लीत लोक म्हणतात, काम नसताना चोरी करायला शिरला होता. सफरचंदं चोरायला. अगं, सफरचंदाच्या वासानेच त्यांचं डोकं उठायचं. घरात आणू द्यायचे नाहीत. मला कुणाकडून काही नको. ते कामावर होते, एवढं तुझ्या त्या कॅलेंडरात असू दे. म्हणजे मला मान वर करून गल्लीतून जाता येईल. असेल ना गं?"

"हो, मामी."

एकाच दिवसात दोन हो, आणि दोन्ही एकमेकांच्या उरावर बसलेले.

संध्याकाळी तिने खणातून टॅब काढला. थंडीचे दिवस, बाहेर लवकर अंधारून आलेलं. त्या दिवसाच्या चौकटीत 'रजा' होतंच. त्याच्या खाली आणखी एक ओळ होती.

'मामा. तीन नंबर. आत.'

कुणीतरी चावटपणा केला असणार, असं तिला वाटलं. पण खणाला कुलूप होतं आणि किल्ली तिच्याच कमरेला होती. नेट तर नव्हतंच, बाहेरून काही यायला वाटच नव्हती. तिने ओळ पुसली, खण लावला आणि घरी गेली.

सकाळी टॅब हातात घेतला तर बोटं चटकन मागे आली, इतका तो गार होता. खणातून वास येत होता अमोनियाचा, ओल्या पुठ्ठ्याचा आणि त्या सगळ्यांखालून सफरचंदांचा. ओळ परत आलेली होती. आता ती कालच्या चौकटीतही होती आणि आजच्याही. 'मामा. तीन नंबर. आत.' तिने दोन्हीकडची पुसली. दुपारपर्यंत ती मागच्या प्रत्येक दिवसात उमटलेली होती, मामा गेल्यापासूनच्या. 'बाहेर' कुठेच नव्हतं.

ती कुणाशी बोलली नाही. बोलणार तरी कुणाशी? राखणदार तिच्या नजरेला नजर देत नव्हता, आणि मामीला सांगायला तिच्याकडे तोंड नव्हतं.

त्या संध्याकाळी माणसं गेली. साहेब तेवढे केबिनमध्ये होते. होबाई बाहेर एकटीच, टॅब खणात ठेवून, कागदावर पुढच्या आठवड्याच्या पाळ्या लावत बसली होती. मामाच्या नावासमोरच्या पाळ्या दुसऱ्यांना वाटून द्यायच्या होत्या. कॉम्प्रेसरची घरघर चालू होती. तिथे काम करणाऱ्यांना ती ऐकू येत नाही, थांबली की मात्र कळते. ती थांबली. गोदाम एकदम गप्प झालं, आणि त्या गप्पपणात कुठेतरी...

खर्र... खर्र...

कुणी नखांनी काहीतरी खरवडत होतं. अगदी सावकाश, दमून दमून. तिने आधी तीन नंबरकडे पाहिलं. आवाज तिकडून येत नव्हता. तो तिच्या पोटाजवळून येत होता, टेबलाच्या बंद खणातून.

"मामा..." ती म्हणाली. "मामा, तू आहेस...?"

आवाज थांबला. ऐकणाऱ्याने कान द्यावा तसा थांबला.

तिने खण उघडला. टॅबच्या काचेवर पातळ बर्फ धरला होता आणि त्यात चार उभे ओरखडे होते. तिने त्यांवर बोट फिरवलं. काच वरून गुळगुळीत लागली. बर्फ आणि ओरखडे काचेच्या आतल्या बाजूला होते.

भीती वाटली, पण भीतीपेक्षा लाज जास्त वाटली. ज्याने हाताला धरून वाढवलं, त्याला मेल्यावरही दार उघडायला आपल्याकडेच यावं लागतंय. तिने त्या दिवसाची चौकट उघडली आणि 'रजा'वर बोट ठेवलं. एकदा दाबलं की रजा जाणार आणि 'कामावर' येणार. बोटाचं काम.

आणि इथे होबाईने जे केलं त्याला काय म्हणावं? तिच्या मनात आलं, साहेबांना न विचारता कसं बदलायचं? त्यांना एकदा सांगावं आणि मग बदलावं. टॅब टेबलावर ठेवून ती केबिनपाशी गेली. साहेब कोट चढवत होते.

"साहेब, ती मामाची रजा... मी काढते. तो कामावर होता."

साहेबांनी रागावायलाही वेळ घालवला नाही. "उद्या बघू," ते म्हणाले. "उद्या निवांत बोलू. चालेल ना?"

तिने मान हलवली. कोणत्या दिशेने, ते सांगायची गरज नाही.

ती टेबलाशी परत आली तेव्हा भिंतीवरच्या नेटच्या डबीतला हिरवा दिवा लागला होता. केबल जोडली गेली होती. टॅब उबदार होता, काच स्वच्छ, मामाची एकही ओळ कुठे नव्हती. त्या दिवसाच्या चौकटीत एकच शब्द होता, रजा, आणि त्याच्या खाली, 'पाठवलं.' तिने दाबून पाहिलं, पुन्हा पुन्हा दाबून पाहिलं. वर गेलेली नोंद आता फक्त वरच्या ऑफिसातूनच बदलता येणार होती, आणि वरचं ऑफिस साहेबांना विचारणार होतं.

दोन दिवसांत मामीला पत्र गेलं. सदर व्यक्ती त्या दिवशी रजेवर होती, घटनेशी संस्थेचा संबंध नाही. होबाई संध्याकाळी तिच्याकडे गेली. मामीने दार पुरतं उघडलं नाही.

"तुला कुणी विचारलं असेल ना?" मामी म्हणाली. "टाकशील का म्हणून?"

होबाई उंबऱ्याकडे बघत राहिली.

"मग तू म्हणालीच असशील," मामी म्हणाली, आणि दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. ज्या घरात ती लहानाची मोठी झाली, त्या घराची कडी तिच्यासाठी पहिल्यांदाच लागली होती.

घरी येऊन ती दिवा न लावता बसून राहिली. मांडीवरचा फोन थरथरला. कॅलेंडरचं आमंत्रण होतं. बोलावणारा, मामा. विषय, 'दार दुरुस्ती, तीन नंबर.' उद्या संध्याकाळी, कड्या घालायच्या वेळेला. खाली नेहमीप्रमाणे दोन शब्द, 'हो' आणि 'नाही'.

फोन बर्फासारखा गार पडत चालला होता. खोलीत सफरचंदांचा वास आला. तिने उभ्या आयुष्यात पहिल्यांदा 'नाही' दाबलं. जोर लावून दाबलं.

खाली बारीक अक्षरांत ओळ आली.

'तुमचं उत्तर पोचलेलं नाही. नेट आल्यावर पाठवलं जाईल.'

नेट होतं. वरच्या कोपऱ्यात सगळ्या रेघा भरलेल्या होत्या. तिने पुन्हा 'नाही' दाबलं. तीच ओळ. जिथे ते पोचायला हवं होतं, तिथेच नेट नसावं. हातभर जाड भिंतींच्या आत कधी नव्हतंच.

तेवढ्यात फोन वाजला. साहेब होते.

"अगं, एक काम होतं. चौकशीला माणसं येणार आहेत, त्याआधी ते तीन नंबरचं दार एकदाचं करून टाकू. उद्या संध्याकाळी मिस्त्री येतोय. मूठ आतून फिरते का ते बघायला कुणीतरी आत थांबायला हवं. थोडाच वेळ. थांबशील ना?"

तिने नाही म्हणायला तोंड उघडलं. खरंच उघडलं. जीभ टाळ्याला लागली, शब्द ओठांवर आलेला होता. पण पलीकडे साहेब वाट बघत होते, आणि तिच्या गळ्याला एकच वाट माहीत होती.

"हो," ती म्हणाली.

साहेबांनी फोन ठेवला. पडद्यावर आमंत्रण पुन्हा दिसू लागलं. तिच्या डोळ्यांदेखत खालची ओळ पुसली गेली आणि तिच्या जागी दुसरी आली.

'तुमचं उत्तर पोचलं. हो.'