अर्धी राहिलेली दाढी

दिवा जरा मंद करा, पोरांनो. ही ऐकीव गोष्ट नव्हे. ज्याच्यावर गुदरली, तो सलूनवाला माझ्या नित्य परिचयातला.

सोमवार होता, म्हणजे दुकान बंद. तरी रात्री दहाच्या सुमारास तो निघाला, कारण दुकानातल्या पावडरच्या डब्यात लपवलेली गोळी घ्यायची होती. हिरड्यांतून रक्त येई, पाय सुजत. डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले होते, "एचआयव्हीची लागण आहे. रक्त गोठवणाऱ्या पेशी घटल्यात, मूत्रपिंडांतून प्रथिनं झिरपताहेत. वेळेत सापडलंय, औषधानं सावराल. पण बायकोची तपासणी आजच्या आज करा. सहावा महिना आहे ना? बाळालाही जपता येईल." त्याला पंधरवडा उलटला होता. देवापुढे तो रोज रडे. बायकोपुढे तोंड उघडवत नव्हते. लाजेने मेल्याहून मेला होता.

शटर अर्धे उचलून तो आत वाकला. खुर्चीत कोणीतरी बसले होते.

"आज बंद आहे."

"मला तर रोजच बंद होतं की!"

आवाज दुकानाशेजारच्या शिंप्याचा. त्याच्या याच आजाराची कुजबुज उठली, तेव्हा याने त्याला गिऱ्हाइकांदेखत खुर्चीवरून उठवले होते. त्यानंतर शिंपी घराबाहेर पडला नाही, दवाखान्याची पायरीही चढला नाही. मूत्रपिंडे निकामी होऊन गेला. त्याला वर्ष झाले होते.

"माप घेताना मी कधी लांब उभा राहिलो का रे?"

सलूनवाल्याने वस्तऱ्यात नवे पाते घातले. साबण लावला. गाल... गार. एक बाजू झाली.

"वहिनीला सांगितलंस?"

"...उद्या सांगतो."

"मीही उद्याच म्हणत होतो."

आणि... खुर्ची रिकामी.

तो धावत सुटला. नाम घ्यावे, तर जीभ वळेना. घराचे दार सताड उघडे. उंबऱ्यात बायको.

"कोण होता हो तो? दाढी अर्धीच केलेली... म्हणाला, 'वहिनी, त्याला काहीतरी सांगायचंय, झोपू नका.' काय सांगायचंय?"

तो तिथेच खाली बसला. सगळे सांगितले. तिने दोन्ही हात पोटावर धरले. मग म्हणाली, "उजाडलं की जाऊ दोघं. उठा, दार लावा."

त्याने कडीला हात घातला.

कडीवर साबणाचा फेस होता... अजून ओला.