वेच्याला माणूस ओळखेना

वेच्याने डॉक्टरीणबाईंचा बूट धरला, तेव्हा सभागृहात आधी कोणाला काही कळलंच नाही. हा कार्यक्रमाचाच भाग असावा असं समजून पुढच्या रांगेतल्या लोकांनी टाळ्यासुद्धा वाजवल्या. मग बूट सुटेना. डॉक्टरीणबाई एका पायावर लंगडत मागे सरकू लागल्या आणि वेच्या आपला इमानेइतबारे त्यांच्या मागे! शेवटी त्या धपकन खुर्चीत बसल्या आणि बूट पायातून निसटला. वेच्याने तो पाठीवरच्या टोपलीत ठेवला आणि काम फत्ते झाल्याचा हिरवा दिवा लावला.

तेवढ्यात निवेदिका मदतीला धावली. वेच्याने तिची सँडल धरली.

विंगेत उभ्या असलेल्या किल्लीच्या तोंडचं पाणी पळालं. किल्ली म्हणजे मावशीची भाची. कोणीतरी पाठीला किल्ली देऊन सोडल्यासारखी दिवसभर धावायची म्हणून तिला हे नाव पडलं होतं. आत्ता मात्र तिचे पाय जमिनीला चिकटले होते.

वेच्या हे मावशीचं यंत्र. उंचीला बुटक्या स्टुलाएवढं, खाली चार चाकं, पुढे एक लांब रबरी हात आणि त्या हाताखाली, जमिनीपासून जेमतेम वीतभर उंचीवर, कॅमेऱ्याचा एकुलता एक डोळा. ज्या म्हाताऱ्या माणसांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी मावशीने तो बनवला होता. चष्मा पडला, चमचा पडला, चप्पल कॉटखाली गेली, की वेच्याने शोधून आणून द्यायची. वाटेत माणूस आला तर मात्र जागच्या जागी थांबायचं. माणसाला हात लावायचा नाही, हा मावशीने त्याला शिकवलेला पहिला धडा होता. आणि आज भरल्या सभागृहात त्याने नेमका तोच गुंडाळून ठेवला होता, तेही वृद्धाश्रमाच्या डॉक्टरीणबाईंसमोर. वेच्याला आश्रमात घ्यायचं की नाही हे त्याच ठरवणार होत्या.

पडदा पडला. साहेब, म्हणजे मावशीच्या कार्यशाळेचे प्रमुख, लालबुंद होऊन आत आले. त्यांनी कोणाला काही विचारलं नाही. सरळ किल्लीकडे बोट दाखवून म्हणाले, "ही मुलगी सकाळी त्याचा डोळा पुसत होती. मी पाहिलंय."

ते खरं होतं. काचेवर धूळ दिसली म्हणून किल्लीने रुमालाने हलकेच पुसली होती. आता तिला वाटायला लागलं, आपण जास्त तर नाही ना घासलं? काही हललं तर नसेल? तिने मावशीकडे पाहिलं. एरवी मावशीने लगेच तिची बाजू घेतली असती. आज ती काहीच बोलली नाही. वेच्याची टोपली उघडून बूट बाहेर काढत राहिली. ते गप्प राहणं किल्लीला थोबाडीत बसल्यासारखं लागलं.

जेवणाच्या सुटीनंतर दुसरा प्रयोग होता. तोही फसला तर वेच्या गोदामात जाणार, हे साहेबांनी जाहीर करून टाकलं. खरं तर प्रयोग तरी कशाला, दुपारी नुसती फिल्मच दाखवू, असं त्यांचं मत होतं. फिल्ममध्ये यंत्र कधी चुकत नाही म्हणे! पण मावशीने जेवणाच्या सुटीपुरता वेळ मागून घेतला आणि साहेब पाय आपटत जेवायला गेले.

आता रंगमंचावर चौघंच उरली. मावशी, किल्ली आणि मावशीची दोन मुलं. मोठ्याला सगळे पंडित म्हणत, कारण त्याच्याकडे कुठल्याही गोष्टीचं कारण तयार असे, बरोबर असो वा नसो. धाकटी टिकली. ती पंडितची सगळी कारणं पाडायला टपलेली असे.

मावशीने वेच्या सुरू केला, जमिनीवर चमचा टाकला आणि मधे जाऊन उभी राहिली. वेच्या आला. थांबला. तिला वळसा घालून गेला आणि चमचा उचलला.

मावशीला काही समजेना. किल्लीला तर हसावं की रडावं तेच कळेना. काच बिघडली असती तर तो आत्ताही चुकायला हवा होता!

पंडित लगेच पुढे सरसावला. डॉक्टरीणबाईंचे कपडे पांढरे होते, वेच्याला पांढऱ्याचं वावडं असणार, असं त्याने सांगितलं. मग टिकलीला टेबलावरची पांढरी चादर गुंडाळली आणि भुतासारखं उभं केलं. वेच्या तिच्यासमोर अगदी अदबीने थांबला. मग पंडितला वाटलं, माइकच्या आवाजाने बिचकला असेल. माइक लावून पाहिला. मग वाटलं, दिव्यांमुळे. सगळे दिवे लावून पाहिले. मग त्याने टाळ्यांवर संशय घेतला. तिघांनी हात लाल होईपर्यंत टाळ्या वाजवल्या. वेच्या ढिम्म. एक चूक करेल तर शपथ!

"त्याला लोकांसमोर लाज वाटते," शेवटी पंडित म्हणाला.

"तुला वाटत नाही, त्याला कशी वाटेल?" टिकली चादरीतून म्हणाली.

पण हसायला कोणाच्या अंगात बळ नव्हतं. जे यंत्र कायम चुकतं ते दुरुस्त करता येतं. हे कधी चुकतं, कधी चुकत नाही आणि कारण काही सापडत नाही. मावशी कपाळाला हात लावून स्टुलावर बसली. 

तेवढ्यात साहेब जेवण उरकून परत आले. फिल्म लावायची ठरली का, असं विचारत तरातरा रंगमंचावर चढले. वेच्याने झरकन वळून त्यांचा डावा बूट धरला.

साहेब ओरडले. मावशी बंद करायचं बटण दाबायला धावली. पंडित म्हणाला, "मला वाटतं त्याला रागावणारी माणसं आवडत नाहीत." किल्ली मात्र पटकन खाली पडली. म्हणजे घसरून नव्हे, मुद्दाम. तिने सरळ जमिनीवर पोटावर लोटांगण घातलं, गाल फरशीला टेकवला आणि वेच्याच्या डोळ्याच्या उंचीवरून समोर पाहिलं.

वेच्याला जे दिसत होतं ते आता तिला दिसलं. तिथून मावशी दिसत नव्हती, पंडित दिसत नव्हता, चादरीतली टिकली दिसत नव्हती. चेहरे नाहीत, कपडे नाहीत, काही नाही. नुसते पाय. मावशीचे अनवाणी पाय, पंडितचे अनवाणी पाय, चादरीखालून डोकावणारी टिकलीची अनवाणी बोटं. आणि वेच्याच्या रबरी हातात साहेबांचा काळा चकचकीत बूट.

किल्ली उठली ती धावतच पायऱ्या उतरली. त्या पायऱ्यांखाली सगळ्यांच्या चपला होत्या. कार्यशाळेत धूळ चालत नाही म्हणून तिथे दाराबाहेरच पायातलं काढायची शिस्त. ती सवय इतकी अंगात मुरली होती की वेच्या जिथे असेल तिथे मावशी आणि मुलं आपोआप चपला काढत. किल्लीने आपल्या सँडल पायात चढवल्या आणि वेच्यासमोर जाऊन उभी राहिली. तोवर साहेब आपला बूट सोडवून लांब सरकले होते.

"मावशी, आता सुरू कर."

वेच्याने तिची सँडल धरली. तिने सँडल काढल्या. वेच्या थांबला. तिने पुन्हा घातल्या. वेच्याने पुन्हा धरली.

"त्याने जन्मात कधी बूट घातलेला माणूस पाहिलाच नाहीये," किल्लीला धाप लागली होती. "त्याला वाटतं, अनवाणी पाय दिसला की माणूस आणि बूट-चप्पल दिसली की पडलेली वस्तू! तूच त्याला चपला आणून द्यायला शिकवलंस ना?"

मावशी मटकन खाली बसली. इतकी वर्षं कार्यशाळेतले सगळे अनवाणी त्याच्यापुढून गेले होते. हे कोणाच्या डोक्यात यावं तरी कसं!

साहेबांची मात्र कळी खुलली. त्यांनी सोपा उपाय सुचवला. दुपारी रंगमंचावर येणाऱ्या प्रत्येकाला पायातलं काढायला सांगायचं, कारण विचारलंच तर स्वच्छता म्हणायचं. झालं काम!

मावशीने साहेबांच्या बुटाकडे आणि मग घड्याळाकडे पाहिलं. तिला मोह झाला असावा, असं किल्लीला वाटलं आणि भीतीही वाटली.

"आणि आश्रमातल्या आजोबांना कोण सांगणार?" किल्लीने विचारलं. "त्यांनी बूट घातला आणि याने ओढला तर?"

मावशी ताडकन उठली आणि तिने लॅपटॉप जोडला. "मला पाय हवेत," ती म्हणाली. "बूट घातलेले, चालणारे, जितके मिळतील तितके. पळा."

मग काय विचारता! पंडितने उपाहारगृह गाठलं, टिकलीने फाटक धरलं आणि किल्ली तर सभागृहभर भिंगरीसारखी फिरली. कामाच्या जाड बुटांतला पहारेकरी आला. उंच टाचांच्या दोन बायका आल्या. हातातला घास टाकून एक ड्रायव्हर आला. कशासाठी चालायचंय हे अर्ध्या लोकांना कळलंच नव्हतं. कोणाला वाटलं फोटो काढतायत, कोणाला वाटलं बक्षीस आहे. पंडितने तर एका काकांना पायांची तपासणी फुकट आहे असं सांगून आणलं होतं! सगळे वेच्यासमोरून इकडून तिकडे चालत राहिले आणि मावशी लॅपटॉपवर दिसणाऱ्या प्रत्येक बुटावर 'माणूस' अशी खूण करत गेली. घंटा झाली तेव्हाच ती थांबली.

पडदा उघडला. साहेबांनी सावधपणे खालचीच खुर्ची पकडली होती. मावशीने माइक हातात घेतला आणि सकाळी काय चुकलं ते स्वतःच सांगून टाकलं, काही न लपवता. मग तिने विचारलं, बूट घालून वर यायला कोणी तयार आहे का? लोक एकमेकांच्या पायांकडे बघू लागले.

डॉक्टरीणबाई उठल्या. तेच बूट घालून.

वेच्या त्यांच्या रोखाने निघाला. विंगेत किल्लीने श्वास रोखून धरला. टिकलीने तिचा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. वेच्या बुटापर्यंत आला, घुटमळला आणि थांबला. केवढ्या टाळ्या पडल्या!

"आता हे," म्हणत डॉक्टरीणबाईंनी पायातला बूट काढून लांब ठेवला. नुसता, रिकामा.

वेच्या त्याच्याजवळ गेला. थांबला. थांबूनच राहिला. लोक खुसुखुसू हसू लागले. किल्लीचा जीव पुन्हा टांगणीला लागला. अर्धी सुटी बूट म्हणजे माणूस असं शिकवल्यावर बिचारा आता रिकाम्या बुटालाही माणूस समजत होता!

मावशीचा चेहरा उतरला. "हे अजून शिकवायचं राहिलंय," ती म्हणाली. "आज एवढंच जमलं."

डॉक्टरीणबाईंनी वाकून स्वतःच बूट उचलला आणि पायात घातला. "माझ्याकडे एखादा बूट उचलायचा राहिला तर बिघडत नाही, मी उचलीन," त्या म्हणाल्या. "माणूस पडला तर मला परवडत नाही. खात्री नसताना तुमचं यंत्र थांबलं, ते मला आवडलं. सोमवारी घेऊन या. पण आमच्याकडे मोजे आहेत, प्लास्टर आहेत, चाकाच्या खुर्च्या आहेत. ते सगळं त्याला शिकवावं लागेल. आणि बुटांची ही भानगड ज्याने शोधली त्यालाही बरोबर आणा."

"माझ्या भाचीने शोधली," मावशी म्हणाली. "पण ती येईल की नाही, मला ठाऊक नाही. सकाळी तिच्यावर आळ आला तेव्हा मी तिला एका शब्दानेही विचारलं नाही. आधी तिची माफी मागायला हवी."

ती विंगेकडे वळली आणि माइक तसाच हातात धरून, सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "किल्ले, चुकलं माझं."

किल्लीला कुठे बघावं तेच सुचेना. हसू मात्र फुटत होतं. पहिल्या रांगेत साहेब उभे राहिले आणि सगळ्यात आधी टाळ्या वाजवू लागले. पंडितने तिला मागून ढकललं आणि ती धावत मावशीकडे गेली.