लाल धाग्याची बाटली

ही गोष्ट ऐकीव आहे, हे आधीच कबूल करतो. पण जिच्या तोंडून ऐकली ती माझी सख्खी मावसबहीण आहे. रसायनशास्त्र शिकवते. रस्त्यात उतारा दिसला, लिंबू दिसलं, तरी सरळ त्यावरून चालत जाणारी बाई.

आता जात नाही.

तारीख मला पाठ आहे. २९ जानेवारी २०२५, बुधवार. अमावस्या होती, पण रात्र नव्हती. दुपारचे साडेतीन वाजले होते. बाहेर लख्ख ऊन होतं. डोंगरकडा गावाच्या पुढं एक शाळा आहे, अकरावी-बारावीपर्यंतची. नाव लिहीत नाही. तिथं आजही लेकरं शिकतात.

बहिणीचं नाव ज्योती. जुलैत ती त्या शाळेत रुजू झाली.

प्रयोगशाळा एकच, शाळेच्या पाठीमागं, लांबट, पत्र्याच्या छपराची. तिथं एकवीस वर्षं शालूबाई परिचर होती. नवरा ग्यानबा मेंढरं राखायचा आणि ही बाटल्या राखायची. शिक्षण चौथी. बाटल्यांवरची इंग्रजी नावं तिला लागत नव्हती. लागली असती तरी फायदा नव्हता, कारण ॲसिडच्या वाफेनं चिठ्ठ्या वर्षभरात कुरतडून जायच्या.

म्हणून तिनं स्वतःची तऱ्हा काढली होती. घरच्या मेंढरांची लोकर, हातानं कातलेली, हातानं रंगवलेली. एकेका बाटलीच्या गळ्यात एकेक धागा.

जाळणारं असलं तर लाल. बिनघोर असलं तर हिरवा.

काचा धुता धुता ती पोरींना गुणगुणून सांगायची...

*लाल धाग्याची गं बाटली, तिला तोंड नको लावू,*
*हिरव्या धाग्याची गं बाटली, तिला बिनघोर घेऊ.*

पोरी हसायच्या. पण एकवीस वर्षांत एका लेकराच्या अंगावर फोड उठला नाही.

तोंडाचं ती उगाच म्हणत नव्हती. पिपेट नावाची काचेची बारीक नळी असते. एक टोक द्रावणात बुडवायचं, दुसरं ओठांत धरून ओढायचं, खुणेपर्यंत चढलं की वरून बोटानं दाबायचं. असं करू नये, रबरी फुगा लावावा, हे पुस्तकात लिहिलेलं असतं. शाळेत तीन फुगे आले होते. तिन्ही उन्हानं चिरले. मग सगळे तोंडानंच ओढायचे. ज्योती तसंच शिकली होती, तसंच शिकवत होती.

शालूबाई डिसेंबरात गेली. कावीळ. नांदेडला नेलं, आठव्या दिवशी पांढऱ्या कापडात परत आणलं. मागं ग्यानबा उरला, आणि एकुलती एक लेक, आरोही. त्याच शाळेत बारावीला.

गुरुवारी बारावीची प्रात्यक्षिक परीक्षा होती. बाहेरून परीक्षक येणार. म्हणून सोमवारी ज्योतीनं कात्री घेतली आणि बाटल्यांचे धागे कापायला बसली.

शिपाई भागवत दारातून बघत होता.

"मॅडम, बाईचे धागे काहून काढून राहिल्या?"

"परीक्षक विचारतील, इथं रसायनशास्त्र शिकवता की गंडेदोरे बांधता? काय सांगू?"

"पण बाईचा गंडा लई गुणाचा होता बघा. मला बायकूनं बांधला, तर तवापासून दोनदा गाडीवरून पडलो."

ज्योती हसली. कात्री चालूच होती.

शेवटी दोन बाटल्या उरल्या. एकाच मापाच्या. दोन्हींच्या चिठ्ठ्या गेलेल्या. दोन्हींत पाण्यासारखं स्वच्छ. फरक फक्त गळ्यातल्या धाग्याचा. एकीचा लाल, एकीचा हिरवा.

तिनं दोन्ही कापले. तेवढ्यात मुख्याध्यापकांनी बोलावलं. दहा मिनिटांनी परत आली. लाल धागा डावीकडच्या बाटलीला होता, तिला चांगलं आठवत होतं. डावीकडच्या बाटलीला नवी चिठ्ठी चिकटवली, 'सल्फ्युरिक ॲसिड, तीव्र'. उजवीकडच्या बाटलीला, 'ऑक्झॅलिक ॲसिड, विरल'. हे दुसरं परीक्षेला लागणारं, मुलांनी पिपेटनं ओढायचं.

कापलेले धागे भागवतनं कचऱ्याबरोबर पेटवले.

मंगळवारी सकाळी कुलूप उघडलं.

ऑक्झॅलिकच्या बाटलीला धागा होता...

लाल.

ओला होता. हात लावला तर बोटाला रंग लागला.

तिला राग आला. कुणीतरी चेष्टा करतंय. तिनं धागा ओढून काढला.

दुपारी पुन्हा तोच धागा. तीच बाटली. बाकीच्या साठ-सत्तर बाटल्यांचे गळे मोकळे.

बुधवारी तिसऱ्यांदा. या वेळी गाठ इतकी आवळलेली, की धागा काचेत रुतल्यासारखा दिसत होता.

तिनं आरोहीला बोलावून घेतलं.

"हे तू बांधतेस?"

"न्हाई मॅडम."

"मग कोण? आईबरोबर लहानपणापासून इथंच वाढलीस तू. कुलूप कसं निघतं, खिडकी कशी ढकलायची, सगळं ठाऊक आहे तुला."

पोरीनं मान खाली घातली. "मॅडम, आई गेली त्याच्या आधीच लाल रंग सरला होता. घरी लाल लोकर न्हाई आता. इच्छा झाली तरी कशानं बांधू?"

ज्योतीला आपल्या बोलण्याची लाज वाटली. लाज वाटली की माणूस उगाच चांगुलपणा करायला जातं. आरोहीला पिपेट अजून जमत नव्हती, आई गेल्यापासून हात थरथरायचा. उद्या परीक्षा.

"एक काम कर. ही बाटली आणि पिपेट घरी घेऊन जा. सावकाश सराव कर. विरल आहे. तोंडात गेलं तर थुंकायचं आणि चूळ भरायची, बस."

रसायन शाळेबाहेर द्यायचं नसतं. ज्योतीला ते माहीत होतं.

तिनं कात्रीनं लाल धागा कापला आणि बाटली पोरीच्या हातात दिली.

आरोही सायकलवरून गेली. चार किलोमीटरवर त्यांची वस्ती.

ज्योती एकटी उरली. दुपारभर पत्र्यावर पारवे नाचत असतात, घुमत असतात. तिला अचानक जाणवलं...

पारव्यांचा आवाज थांबला होता.

मैदानावरची पोरं ओरडत होती, तोही थांबला. वारा नव्हता. ॲसिडचा जो वास त्या खोलीतून कधीच जात नाही, तो गेला होता. त्याच्या जागी दुसरा वास...

ओल्या लोकरीचा.

मग मागच्या फळीवर काच वाजली.

टिण्...

कुणीतरी बाटली उचलून पुन्हा ठेवावी तसं.

टिण्... टिण्...

आणि गुणगुणणं. शब्द नव्हते. फक्त चाल. ती चाल ज्योतीनं पाच महिने रोज ऐकली होती.

"भागवत?" तिनं हाक मारली.

ती वळली. फळीजवळ कुणी नव्हतं. पण तीव्र ॲसिडच्या बाटलीच्या गळ्यात, जिथं क्षणापूर्वी काही नव्हतं, तिथं धागा होता...

हिरवा.

गाठीतून हिरवं पाणी थेंब थेंब गळत होतं.

ज्योती पळाली नाही. तिच्या डोक्यात एक प्रश्न आला होता आणि तो भीतीपेक्षा मोठा होता. तीव्र ॲसिडला हिरवा का?

चहाच्या डब्यातली चिमूटभर साखर तिनं बशीत घेतली. तीव्र सल्फ्युरिक ॲसिड साखरेचा कोळसा करतं, हे ती दरवर्षी मुलांना दाखवते. काचकांडीनं त्या बाटलीतला एक थेंब साखरेवर टाकला.

साखर पांढरीच राहिली.

दुसरा थेंब. तिसरा.

साखर पाण्यात विरघळावी तशी विरघळली.

हे ॲसिड नव्हतंच. हे ते विरल, बिनघोर द्रावण होतं. डावीकडं लाल नव्हता. डावीकडं हिरवा होता.

मग तीव्र ॲसिड...

तिनं आरोहीला फोन लावला. संपर्काच्या बाहेर. ग्यानबाला लावला. वाजला, वाजला, बंद पडला.

स्कूटी तिनं कशी काढली, आठवत नाही. वाटेत केळीच्या बागा होत्या, समोरून मेंढरांचा कळप आला होता, एवढंच आठवतं. बाकी सगळं डोळ्यांपुढं ती एक नळी. पोरीचे ओठ. एक घोट पुरे. जीभ, टाळू, गळा... आणि पोरीला निघून पाऊण तास झाला होता.

वस्तीवर पोचली तेव्हा ऊन उतरत होतं. अंगणात ओट्यावर आरोही बसलेली. पाठमोरी. मान खाली. खांदे हलत होते.

"आरोही!"

पोरगी वळली. रडत होती. तोंड...

तोंड धड होतं.

"मॅडम, मी नापास होते बघा उद्या." ती हुंदके देत म्हणाली. "अर्धा घंटा झाला ओढून राहिले. गाल दुखले. थेंब वर चढत न्हाई."

ज्योतीनं तिच्या हातातून पिपेट हिसकावून घेतली. उजेडाकडं धरून आरपार पाहिलं. नळी साफ मोकळी. कुठं कचरा नाही, काही नाही.

"आधी वाटलं नळी बुजली," आरोही डोळे पुसत म्हणाली. "फुंकून बघितली तर हवा जाती. पण बाटलीत घातली की... कोणीतरी खालून बोट लावून धरल्यावाणी होतं बघा."

ज्योतीनं नळी बाटलीत सोडली. ओढायची गरज नसते. मोकळी नळी बुडवली की बाहेर जेवढं द्रावण, तेवढं आत आपोआप शिरतं. कुठल्याही नळीत शिरतं.

शिरलं नाही.

बाहेर चार बोटं द्रावण. आत नळी कोरडी.

"आत जा," ती कशीबशी म्हणाली. "तोंड धू. पाणी घेऊन ये मला."

आरोही उठली. उंबरा ओलांडून आत गेली.

त्याच क्षणी नळीत द्रावण चढलं. सावकाश. कुणीतरी बोट काढून घ्यावं तसं.

ज्योतीनं एक थेंब अंगणातल्या कडब्याच्या वाळक्या धाटावर सोडला. धाट करपलं. काळं पडलं. मधोमध भोक झालं.

आरोही तांब्या घेऊन आली तेव्हा बाटलीचं बूच घट्ट बसलेलं होतं. "द्रावण जुनं झालंय," ज्योती म्हणाली. "उद्या नवं देते."

खरं काय ते तिनं पोरीला अजूनही सांगितलेलं नाही.

परीक्षा झाली. आदल्या रात्रीच भागवतला नांदेडला पाठवून तिनं रबरी फुगे आणवले. एकाही मुलाला नळी तोंडात धरू दिली नाही. आरोही चांगल्या गुणांनी पास झाली. आता नांदेडलाच परिचारिकेचं शिकते. धागे पुन्हा कधी दिसले नाहीत.

इथं संपलं असतं, तर मी लिहायला बसलो नसतो.

परीक्षेनंतरच्या शुक्रवारी ज्योती चारनंतर वह्या तपासत प्रयोगशाळेत बसली होती. कोपऱ्यातल्या बेसिनचा नळ सुरू झाला. आपोआप. बारीक धार.

तिनं उठून बंद केला. जागेवर येते तोवर पुन्हा सुरू.

आणि धारेच्या खाली आणखी एक आवाज...

फू...

फू...

भाजलेल्या बोटावर माणूस फुंकर घालतं, तसा.

ज्योती तिथंच खाली बसली. अर्धा घंटा, म्हणाली होती पोरगी. अर्धा घंटा ती नळी ओढत होती. आणि तेवढा वेळ खालून कुणीतरी बोट लावून धरलं होतं.

ॲसिडात.

त्यानंतर रोज. सुट्टीच्या दिवशीही, असं भागवत म्हणतो. त्याला कारण माहीत नाही. तो फक्त कुरकुरतो, "मॅडम, तीनदा वायसर बदलला. टाकी रिकामी होऊन राहिली. उन्हाळ्यात पोरांनी प्यावं काय?" मुख्याध्यापकांनी नळच काढून टाका म्हटलं. ज्योती आडवी आली. पोरांसाठी पाण्याचा एक कॅन ती स्वतः घरून भरून आणते.

ॲसिडनं भाजलं तर वीस मिनिटं वाहत्या पाण्याखाली धरायचं, हे भिंतीवरच्या तक्त्यात तिनंच लिहिलंय. ती नळ बंद करत नाही. दाराशी उभी राहून घड्याळ बघते.

मागच्या महिन्यात मी तिला भेटायला त्या शाळेत गेलो होतो. बोलता बोलता चार वाजून गेले. तिनं बोलणं थांबवलं. मला हातानंच गप्प राहायला सांगितलं.

धारेचा आवाज मी ऐकला. त्याखालचाही ऐकला.

वीस मिनिटं झाली. चाळीस झाली. मी बाहेर पडलो, तेव्हाही ती फुंकर चालूच होती.

वर्ष उलटलं. आग अजून थांबलेली नाही.