न उघडलेली बावीस पानं

तसं पाहिलं तर हे सगळं दिवसाउजेडी घडलं. साडेअकरा वाजले होते, खोलीभर ऊन होतं आणि दोरीवर लंगोट वाळत होते.

तिची सहा महिन्यांची लेक, चिमणी, दोन दिवस तापाने मलूल होती. काल रक्त तपासायला दिलं, तेव्हा डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं, "उद्या अकरानंतर रिपोर्ट कॉम्प्युटरवर येईल. पेशी वाढलेल्या दिसल्या तर बाळाला दाखल करावं लागेल. एकच्या आत फोन करा, मग मी ऑपरेशनला जाते."

नवरा कामावर गेलेला. तिच्याकडे साधा बटणांचा फोन. घरात आठवड्यापूर्वी आणलेला जुना कॉम्प्युटर, तेवढाच आधार. तिने दवाखान्याचं पान उघडलं, तर पांढऱ्या पडद्यावर गोल चकती फिरायला लागली. पाच मिनिटं झाली, दहा झाली. चकती आपली फिरतेय. तिचा जीव टांगणीला लागला. शेवटी कॉम्प्युटर विकणाऱ्या दुकानदारालाच तिने फोन लावला.

"वहिनी, नेटच्या डब्यावरचे दिवे लागलेत?"

"सगळे हिरवे आहेत, दादा."

"बंद करून चालू केलंत?"

"दोनदा. तुम्ही दाखवलं होतं तसं आत साठलेलं जुनंही पुसून टाकलं. तरी कासव ते कासवच."

"कासव बरं हो, पोचतं तरी!" तो हसला. तिला हसू आलं नाही. "बरं, वर कोपऱ्यात छोट्या गोलात तुमचं नाव आहे, ते दाबा. खाली किती नावं दिसतात?"

"दोन. एक माझं. दुसरं नुसतंच... आई."

"साहेबांनी केलं असेल लाडाने. त्यात काहीतरी उघडं राहिलंय, ते सगळं नेट ओढतंय. दाबा आणि बंद करून टाका."

तिने दाबलं. कॉम्प्युटरच्या पोटातला पंखा घरघरायला लागला, बाळाच्या छातीत कफ घरघरतो ना, अगदी तसा. नासलेल्या दुधाचा वास आला. तिने चिमणीचं तोंड हुंगलं. तिथे तो वास नव्हता.

पडद्यावर पानं उघडली. एकूण बावीस. सगळ्यांवर चकती फिरत होती, एकाचंही उत्तर आलेलं नव्हतं. वर फक्त विचारलेलं दिसत होतं. बाळाला ताप आहे काय करू. बाळ दूध ओढत नाही. बाळाचे पाय गार पडले.

"दादा... हा कॉम्प्युटर आधी कुणाचा होता?"

"का हो? मी तर कोरा करून दिलाय तुम्हाला. आत काहीसुद्धा ठेवलं नव्हतं."

ती एकेक पान बंद करत गेली. पानागणिक पंख्याचा आवाज खाली येत होता. शेवटचं पान उरलं. त्यावर लिहिलं होतं, 'बाळ हाक मारली तरी उठत नाही.' तिचा हात थबकला. कुणीतरी इथे बसून वाट बघत होतं. पण घड्याळात पाऊण झाला होता आणि तिचं स्वतःचं लेकरू मांडीवर तापलेलं होतं. तिने ते बंद केलं. मग ते नावही काढून टाकलं.

पंखा थांबला. रिपोर्ट डोळ्याचं पातं लवायच्या आत आला. पेशी ठीक होत्या.

"साधा ताप आहे, औषध चालू ठेवा," डॉक्टरीणबाई फोनवर म्हणाल्या.

त्यानंतर तिसऱ्या दिवशी ताप उतरला. सकाळी चिमणी भुकेने रडतच उठली. तिला पाजून, पाळण्यात ठेवून ती कॉम्प्युटरवर पुढच्या लसीची तारीख बघायला बसली.

कोपऱ्यात पुन्हा दोन नावं होती.

तिने दुसरं नाव दाबलं. एकच पान उघडं होतं, चकती फिरत होती. वर नुकतंच कुणीतरी विचारलं होतं,

'त्या बाईचं बाळ कसं उठलं?'